नवा बूट चावतोय? मग पायाला दोष देऊ नका

"चार दिवस चावेल, मग आपोआप बसेल." नवीन चामड्याचा बूट घरात आला की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. दुकानदार म्हणतो, घरातली मोठी माणसं म्हणतात आणि आपणही मान डोलावतो. माझं मत विचाराल तर हे वाक्य अर्धंच खरं आहे. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत तर ते धोक्याचं आहे.

आधी खरा अर्धा भाग पाहू. चामडं म्हणजे शेवटी कातडीच. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू त्यात एकमेकांत गुंतलेले असतात. पायाची ऊब, घामाची ओल आणि प्रत्येक पावलाला पडणारी घडी यांमुळे हे तंतू हळूहळू सरकतात आणि चामडं पायाचा आकार घेतं. पण ते सैल होतं रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच, कारण टाचेला आणि पुढच्या टोकाला आतून कडक थर बसवलेला असतो. त्यामुळे अंगठा टोकाला टेकत असेल तर तो चार महिन्यांनीही टेकणारच. शिवाय आज चामड्याचे म्हणून घेतलेले कितीतरी बूट वरून चामड्यासारखे दिसणाऱ्या प्लास्टिकचे असतात. ते फारसे बसत नाहीत, पायच सोलतात. मुलांच्या काळ्या शाळेच्या बुटांत हे सर्रास दिसतं.

कोल्हापुरीची गोष्ट वेगळी आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला आणल्या आणि आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! त्यानंतर हौसेने कोल्हापुरी घेणारे बरेच जण भेटले. त्यातल्या काहींचे अंगठे सोललेले होते. पारंपरिक कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते जाड आणि ताठ असतं. रात्री पट्ट्याला आणि अंगठ्याला तेलाचा हात लावून ठेवायचा, सकाळी पुसायचं आणि घरातल्या घरात थोडं चालायचं, ही आपली जुनी पद्धत चांगली आहे. घाई मात्र करू नका. आणि पावसात कोल्हापुरी नकोच. चामडं भिजून फुगतं, वाळताना पुन्हा ताठ होतं आणि ओल्या त्वचेला घर्षण जास्त होऊन फोड लवकर येतात.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कासारवडवलीहून ठाणे स्टेशन गाठायचं म्हणजे बसमध्ये उभं राहायचं, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांना वळसा घालायचा, डबकी चुकवायची आणि मग लोकलमध्ये पुन्हा उभं राहायचं. इतका वेळ उभं राहिलं की संध्याकाळपर्यंत पाय थोडा सुजतोच. नवा बूट पहिल्यांदा घालायला कामाचा दिवस निवडू नका, नोकरीचा पहिला दिवस तर नकोच.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेह जुना झाला की अनेकांच्या पायांतल्या नसांची संवेदना कमी होते. मग बूट चावतो, पण माणसाला ते कळतच नाही. घरी मोजा काढल्यावर रक्ताचा डाग दिसतो तेव्हा समजतं. त्याहून विचित्र गोष्ट अशी की असे रुग्ण बऱ्याचदा मुद्दाम घट्ट बूट घेतात. बधिर पायाला योग्य मापाचा बूट सैल वाटतो आणि घट्ट असेल तरच 'नीट बसला' असं वाटतं. दुकानात "कसं वाटतंय?" या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तराला म्हणूनच काही अर्थ नसतो. लहानसा फोड, त्यात जंतुसंसर्ग, वर रक्तपुरवठा कमी, अशी साखळी जुळली तर गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाऊ शकते.

तेव्हा तुम्हाला मधुमेह असेल तर बूट 'बसवण्याच्या' भानगडीत पडूच नका. पहिल्या दिवसापासून आरामदायक वाटेल असाच घ्या. कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा पेन्सिलने काढा आणि बूट त्यावर ठेवा. रेषा बुटाच्या बाहेर दिसली तर तो बूट परत करा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे आत एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी. अंगठ्याची कोल्हापुरी तुमच्यासाठी नाही, हे सांगताना मला वाईट वाटतं, पण नाहीच.

इतरांनी बूट संध्याकाळी घ्यावा, नेहमीचे मोजे घालून, दोन्ही पायांत घालून पाहावा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडं मोठं असणं अगदी सामान्य आहे, माप मोठ्या पावलाचं धरा. पार्सलने मागवला असेल तर आधी घरातल्या स्वच्छ फरशीवर चाला, म्हणजे परत करता येईल. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे, मग रोज थोडा वेळ वाढवा. बूट काढल्यावर पाय बघा. वीस मिनिटांनीही लाली तशीच राहिली, तर तिथे दाब पडतोय. एकाच ठिकाणी बोचत असेल तर दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे द्या. लाकडी साचा घालून तो तेवढाच भाग ताणून देतो. हेअर ड्रायरने तापवणं, पाण्याची पिशवी भरून फ्रीझरमध्ये ठेवणं असे मोबाईलवरचे उपाय मला पटत नाहीत. उष्णतेने चामडं सुकून तडकतं आणि गोंद सुटतो.

फोड आलाच तर फोडू नका. वरची त्वचा हीच त्याची उत्तम पट्टी असते. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने धुवा, त्वचा ओढून काढू नका, स्वच्छ ड्रेसिंग लावा आणि तो बूट काही दिवस बाजूला ठेवा. हळद, टूथपेस्ट काही लावायचं नाही. भोवतालची लाली पसरू लागली, पू आला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर यातल्या कशाचीही वाट न पाहता, दुखत नसलं तरी, त्याच दिवशी दाखवा. येताना तो बूटही पिशवीत घालून आणा.