गरिबाचा इतिहास कोठें सांपडतो ?

इतिहास राजेरजवाड्यांचा, नांगर धरणाऱ्याला आणि भाता ओढणाऱ्याला कसला आला आहे इतिहास, असें आमचे पुष्कळ बांधव म्हणतात. शाळेंत मुलांना पणज्याचें नांव विचारलें तर निम्मीं मुलें खालीं मान घालतात. हा दोष मुलांचा नव्हे, आपला आहे.

इंग्लंडांतले शेतमजूर एके काळीं बहुतेक अक्षरशून्य व दरिद्री होते. तरी आज त्यांचे वंशज दोन-तीनशें वर्षें मागें जाऊन घराण्याचा माग काढतात. कशाच्या जोरावर ? गांवच्या चर्चमधील वह्यांच्या ! सन १५३८ सालीं आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानें हुकूम काढला कीं, पाद्र्यानें आपल्या हद्दींतला प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न व दफन वहींत लिहावें, व वही दोन कुलपांच्या पेटींत ठेवावी. एक किल्ली पाद्र्याजवळ, दुसरी चर्चच्या पंचांजवळ. पुढें १५९८ पासून दर सालची नक्कल बिशपाकडे जाऊं लागली. त्यामुळें मूळ वही ओल लागून कुजली तरी पुष्कळ ठिकाणीं नक्कल हातीं लागते. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीखालीं वधूवरांची सही आली. लिहितां न येणाऱ्यानें फुली काढावी. १८१३ पासून छापील वह्या आल्या व त्यांत बापाचा धंदाही लिहिला जाऊं लागला : मजूर, लोहार, विणकर.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १६६२ च्या कायद्यानें, परगांवाहून आलेला गरीब गांवाच्या माथीं बसेल असें वाटल्यास त्याला मूळ गांवीं हांकून देतां येई. त्यापूर्वीं तो कोठें जन्मला, कोणाकडे चाकरीस होता, याची जबानी लिहून घेत. छळासाठीं लिहिलेला तोच कागद आज त्याच्या नातवंडांना त्याचें चरित्र सांगतो !

शोधाची रीत सोपी आहे. हयात म्हाताऱ्यांपासून आरंभ करावा व एकेक पिढी मागें जावें. एका गांवांत एकाच नांवाचे दोघे असतात, म्हणून जन्माबरोबर मृत्यूची नोंदही पाहावी. नाहीं तर पाळण्यांत मेलेल्या मुलाला आपण आजा ठरवूं.

आतां आपल्याकडे वळूं. आपणांजवळ वह्या नाहींत काय ? शाळेचें जनरल रजिस्टर आहे, कोतवाल बुकांतल्या जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, सातबारा व फेरफार आहेत. जुनें पुष्कळसें मोडींत आहे, आणि गांवांत मोडी वाचणारा मिळत नाहीं. दाखल्याची गरज पडली म्हणजेच आपण कचेरीचे उंबरे झिजवितों. एरवीं घरचे कागद चुलींत जातात. आम्हां मास्तरांचाही अपराध आहे. जन्मतारीख ठाऊक नसली कीं १ जून लिहून आम्हीं मोकळे झालों, आणि अर्धा गांव एकाच दिवशीं जन्मला !

आणि मायबहिणींचें काय ? इंग्लंडांतल्या त्या छापील वहींतही बाप्तिस्म्याच्या नोंदींत आईचें माहेरचें आडनांव नसे. आपल्याकडे तर लग्नांत नांवच बदलण्याची चाल. आजीचें माहेरचें नांव किती घरांत ठाऊक आहे?

म्हणून शेतकरी व कारागीर बांधवांस आमचें सांगणें एवढेंच कीं, दोन आण्यांची वही पूर्वीं मिळे, आज थोडे अधिक रुपये पडतील, ती घ्या. आजीला जवळ बसवून नांवें, गांवें, धंदे, दुष्काळ, स्थलांतर सारें लिहून घ्या. घरांत एकानें तरी मोडी शिकावी. राजांची बखर लिहावयास पगारी माणसें होतीं. आपली आपणच लिहिली पाहिजे, आणि आजी आहे तोंवर लिहिली पाहिजे.