अनुदान जमिनीला की कसणाऱ्याला?

शेतकऱ्याला सरकारने पैसा द्यावा की नाही, हा वाद जुना आहे. त्याहून मूलभूत प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : शेतकरी म्हणून ज्याच्या हाती हा पैसा पडतो, तो कोण? अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट काउंटीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले, तेव्हा १९३३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने कायदा केला. शेतकऱ्यांनी पेरा घटवावा, त्यामुळे भाव सावरावेत आणि न पेरलेल्या जमिनीची भरपाई सरकारने द्यावी, अशी ही योजना होती. तीत कुळांचा व अर्धेलीने कसणाऱ्यांचा वाटा कागदोपत्री मान्य होता. पण करार जमीनमालकाशी, पैसा त्याच्या हातून वाटला जाणार आणि स्थानिक समित्यांवर वर्चस्वही त्याच वर्गाचे! तळे राखील तो पाणी चाखील, याहून वेगळे काय घडणार? पेरा घटताच अनेक कुळांना घरादारांतून हुसकावण्यात आले. म्हणूनच जुलै १९३४ मध्ये या काउंटीतील टायरोन्झा गावाजवळ गोऱ्या व कृष्णवर्णीय कुळांनी मिळून आपली संघटना स्थापन केली. वर्णभेद कायद्यानेच जोपासणाऱ्या त्या प्रदेशात अशी एकजूट व्हावी, यावरूनच त्या अन्यायाची कल्पना यावी.

पुढे योजना बदलल्या, पण पैशाची वाट बदलली नाही. १९९६ च्या कायद्याने अनुदान चालू पेऱ्याशी न जोडता जमिनीच्या पूर्वीच्या नोंदींशी जोडले. परिणामी, २००० पासून शेती न करणाऱ्यांनाही किमान १३० कोटी डॉलर मिळाल्याचे 'वॉशिंग्टन पोस्ट'ने २००६ मध्ये उघड केले. २०१४ मध्ये ही थेट अनुदाने बंद झाली. तथापि नव्या योजनांचा आधारही बव्हंशी त्याच जुन्या नोंदी. १९३५ मध्ये अमेरिकेत सुमारे ६८ लाख शेते होती, २०२२ मध्ये ती १९ लाखांवर आली. यंत्रयुगाचा यात मोठा वाटा आहे, हे मान्यच. परंतु ज्याची जमीन अधिक त्याला मदत अधिक, या न्यायाने लहान शेतकरी तगणार कसा? शिवाय अनुदान वाढले की खंडही वाढतो, आणि कसणाऱ्याच्या नावे आलेला पैसाही अंशतः मालकाकडेच जातो.

याचा अर्थ मदतच नको, असा मुळीच नाही. भाव आणि पाऊस दोन्ही बेभरवशाचे असताना शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडणे हा शहाणपणा नव्हे. प्रश्न वाटपाचा आहे, आणि तो आपल्याही दाराशी उभा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान किसान सन्मान योजना एकराच्या हिशेबाने नव्हे, तर प्रत्येक पात्र कुटुंबाला वर्षाला सारखेच ६,००० रुपये देते, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण पात्रतेची कसोटी जमिनीची मालकी! तोंडी कराराने, खंडाने वा बटाईने दुसऱ्याची जमीन कसणारा भूमिहीन तीत बसत नाही. आपले नाव गमावण्याच्या भीतीने मालक लेखी करार टाळतो. आणि कसणारा सरकारच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.

मालकाचा हक्क अबाधित राखून खंडाच्या कराराची नोंद करता येईल, अशी तरतूद नीती आयोगाच्या समितीने २०१६ मध्ये सुचविलेल्या आदर्श कायद्यात आहे. सातबाऱ्यावर मालक कोण, हे सरकारला ठाऊक असते. औतामागे कोण चालतो, हेही त्याने एकदा नोंदवून घ्यावे. त्याविना रक्कम कितीही वाढविली, तरी ती मुक्कामी पोचणार नाही.