गडावरची थंडी पाऱ्यात दिसत नाही

डिसेंबर उजाडला की चिकलठाणा वेधशाळेचा आकडा रोज सकाळी बातमीत येतो. 'पारा १० अंशांवर' असे वाचले की छत्रपती संभाजीनगरात कपाटातले स्वेटर बाहेर येतात, हुरड्याचे बेत ठरतात आणि शनिवारी रात्री एमआयडीसीतली पाळी सुटली की तरुणांच्या जीप कळसूबाई, हरिश्चंद्रगड, साल्हेरच्या दिशेने निघतात. पावसाळ्याचे शेवाळ नाही, उन्हाळ्याची काहिली नाही, तेव्हा गडावर जायला हेच दिवस चांगले, ही समजूत बरोबरच आहे. चूक होते ती वेधशाळेचा तो आकडा गडावरच्या थंडीचे माप समजण्यात.

वेधशाळेतला तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवलेला असतो. त्याला ऊन लागत नाही, वारा थेट झोंबत नाही, घाम तर येतच नाही. हवेचे तापमान मोजायचे तर हीच पद्धत योग्य. पण गडावर जाणारा माणूस पेटीत बसून जात नाही.

साधा हिशेब पाहा. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर आहे, कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर. दर किलोमीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे नुसत्या उंचीपोटी सात अंशांचा फरक पडू शकतो. त्यात वारा. हवा ५ अंशांची असेल आणि वारा ताशी ४० किलोमीटरचा असेल, तर उघड्या कातडीला ती शून्य अंशाची हवा असल्यासारखीच लागते. शिखरावरच्या छोट्या मंदिराच्या आडोशाला बसणे आणि दहा पावले पुढे उघड्यावर उभे राहणे यातला फरक ज्याने अनुभवला, त्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

उंचीचा हा नियम रात्री मात्र उलटाही होतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की थंड, जड हवा उतारावरून घसरत तळाशी साचते. महाबळेश्वरात गावातला पारा शून्याच्या बराच वर असताना वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठतात, ते यामुळेच. म्हणून पायथ्याशी तंबू ठोकताना ओढ्याकाठची, खोलगट जागा टाळलेली बरी. थोडी वर, झाडीच्या आडोशाची जागा रात्री उबदार राहते.

'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?' हा प्रश्न या विषयावर हमखास येतो. थंडीने मरायला बर्फ लागत नाही. १९६४ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर भागात चालण्याची एक स्पर्धा झाली. तरुण, धडधाकट मुले, पाऊस, वारा, आणि तापमान शून्याच्या थोडे वर. त्यात तिघांचा मृत्यू झाला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेवर शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेले ग्रिफिथ प्यू यांनी या मृत्यूंचा अभ्यास केला. ओले कपडे, वारा आणि थकवा एकत्र आले की शरीर उष्णता तयार करण्यात मागे पडते, हे त्यातून स्पष्ट झाले. ज्या डोंगरांवर हे घडले, त्यांची सर्वांत उंच माथी साडेसहाशे मीटरच्या आतली, म्हणजे चिकलठाण्याच्या धावपट्टीपेक्षा जेमतेम पन्नास मीटर उंच.

आपल्याकडचे उदाहरण तर ताजेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेले सहा जण हरिश्चंद्रगडावर पावसात, धुक्यात वाट चुकले. जंगलात रात्र काढावी लागली आणि त्यांतला एक जण गारठून दगावला. तो पावसाळा होता, कडाक्याची थंडीसुद्धा नव्हती.

हिवाळ्यात पाऊस नसतो, हे खरे. पण ओले होण्यासाठी पाऊसच हवा असे नाही. पाळी संपवून निघालेली मुले चार-पाच तास जागरणाचा प्रवास करतात, पहाटे तीनला बारी गावातून चढू लागतात, सूर्योदय गाठायचा म्हणून धापा टाकत वर पोहोचतात. अंगात सुती टी-शर्ट, तो घामाने चिंब. माथ्यावर अजून अंधार असतो, सूर्य यायला तासभर असतो आणि त्या तासात वारा अंगातली ऊब अक्षरशः ओढून नेतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. सुती कापड घाम शोषते आणि धरून ठेवते. लोकर किंवा सिंथेटिक कापड ओले झाले तरी बरीच ऊब टिकवते. माथ्यावर पोहोचताच पहिले काम सेल्फीचे नव्हे, कोरडा शर्ट बदलण्याचे. त्यासाठी पिशवीत एक जादा शर्ट आणि वारा अडवणारे पातळ जर्किन एवढेच लागते, महागडे सामान नाही.

आणि पाऊस नसतोच, यावरही फार विसंबू नये. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन रविवारी, नाशिक आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यात अवकाळी पाऊस व गारपीट झाली. निघण्यापूर्वी हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा पाहायला दोन मिनिटे लागतात.

शरीराचे आतले तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला जोराची हुडहुडी भरते. ती चांगली खूण आहे, शरीर अजून झगडते आहे. पुढच्या खुणा सोबत्यांनी ओळखायच्या असतात, कारण ज्याला होते त्याला कळत नाही. चेन लावता येत नाही, हात चाचपडतो. जीभ जड होते. सपाट वाटेवर पाय अडखळतो. एरवी बडबड करणारा गप्प होतो किंवा उगाच चिडतो, 'मला काही झालं नाही, तुम्ही व्हा पुढे' म्हणतो. अशाला एकटे मागे सोडणे ही सर्वांत घातक चूक. ३२ अंशांच्या आसपास हुडहुडी थांबते आणि सोबत्यांना वाटते, बरे वाटू लागले. प्रत्यक्षात तो उतरणीला लागलेला असतो. २८ च्या खाली हृदयाची लय कधीही बिघडू शकते.

हुडहुडीच्या टप्प्यावर उपाय सोपे आहेत. वाऱ्याच्या आड न्यावे, ओले कपडे उतरवून कोरडे चढवावेत, डोके आणि मान झाकावी. अंगावर पांघरूण घालतात, खाली काही घालायचे विसरतात. निम्मी थंडी त्या कातळातून चढते. पूर्ण शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर गरम, भरपूर साखरेचा चहा, गूळ-शेंगदाणे द्यावेत. हातपाय चोळू नयेत, शेकोटीच्या अगदी जवळ बसवू नये. हुडहुडी थांबलेल्या, गुंगीतल्या माणसाला चालवू नये. आडवे ठेवून, हळुवार हाताळून, १०८ ला आणि बचाव पथकाला बोलवावे. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक निघण्याआधीच फोनमध्ये असावा, कारण माथ्यावर तो शोधायला रेंज मिळेलच असे नाही.

दारूबद्दल एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. रमचा घोट घेतला की ऊब वाटते, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात. तीच आतली ऊब बाहेर सांडत असते, शिवाय हुडहुडीही मंदावते. दुसरा घातक प्रकार म्हणजे बंद तंबूत कोळशाची शेगडी. तिच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. आणि पन्नाशी ओलांडलेले, रक्तदाब किंवा हृदयविकाराच्या गोळ्या घेणारे हल्ली उत्साहाने गडावर जातात, जरूर जावे. मात्र थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, त्यात पहाटेची खडी चढण. अशांनी डॉक्टरांना विचारून, उजाडल्यावर, आपल्या गतीने चढावे.

राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले, आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली. समाजमाध्यमावर चारशे-पाचशे रुपयांत माणसे गोळा करणाऱ्या किती जणांनी ती केली, हे प्रशासनाने हिवाळ्याच्या दर शनिवारी पायथ्याच्या गावात उभे राहून तपासावे. जाणाऱ्यांनीही आयोजकाला विचारावे, पन्नास जणांमागे वाटाडे किती? कोणी थकला तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार? उत्तर गुळमुळीत असेल तर पैसे परत मागावेत.

एक काम आरोग्य खात्याचेही आहे. दवाखान्यात वापरला जाणारा नेहमीचा पाऱ्याचा तापमापक ३५ अंशांपासून सुरू होतो. तो ताप मोजण्यासाठी बनवलेला आहे. गारठलेल्या माणसाचे तापमान ३० असले तरी पारा तळाशीच राहतो आणि केसपेपरवर 'ताप नाही' एवढेच लिहिले जाते. गडांच्या पायथ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत कमी तापमान दाखवणारा तापमापक आणि सलाईन कोमट करण्याची सोय, एवढी तरतूद करायला मोठा निधी लागत नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. फार गारठलेल्या माणसाची नाडी इतकी मंद होते की ती बोटांना लागत नाही. ती पूर्ण मिनिटभर शोधावी. न मिळाल्यास छातीवर दाब देणे सुरू ठेवून त्याला मोठ्या रुग्णालयात हलवावे. अंग पुरेसे गरम होईपर्यंत, केवळ ते थंड पडले म्हणून, त्याला मृत घोषित करू नये.