वळसंगच्या फलकावर नेमकं काय हवं?



‘रस्त्याकडेच्या ऐतिहासिक फलकांवर पैसा कशाला?’ हे पत्र वाचलं. अक्कलकोटला जाणारा भाविक वळसंगला थांबत नाही, असं पत्रलेखक म्हणतात. थांबावं असं त्याला कुणी सांगितलंय तरी कुठे?

वळसंगच्या दलित वस्तीने स्वतःच्या कष्टाने विहीर खोदली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते ती खुली झाली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच केला होता. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्या तळ्यावरून चाललेल्या खटल्याचा उच्च न्यायालयातला निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. कागदावर हक्क होता, घागर मात्र रिकामीच. म्हणून वळसंगच्या या माणसांनी टिकाव-पहार हाती घेतली. मुरूम संपला की आपल्याकडे काळा पाषाण लागतो. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून तो फोडणं म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

फलकावर ‘बाबासाहेबांच्या पदस्पर्शाने पावन’ एवढंच लिहून भागणार नाही. विहीर कुणी खोदली आणि का खोदावी लागली, हे स्पष्ट लिहा. गावची विहीर त्यांना बंद होती, हे वाक्य गाळू नका. मजकूर मराठीबरोबर कन्नडमध्येही हवा; इथल्या कितीतरी घरांत तीच भाषा बोलतात. आणि फलक महामार्गावर लावाल, तर विहिरीकडे जाण्याचा बाणही दाखवा.

– एक वाचक, वळसंग (ता. दक्षिण सोलापूर)