टोपणनाव आणि थैली

अमेरिकेतील निवडणूक-खर्चाच्या वादात गुप्ततेचे वकील हटकून साहित्याचे दार ठोठावतात, म्हणून आम्हांस बोलणे भाग आहे. दाखला ठरलेला. १७८७-८८ मध्ये हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांनी राज्यघटनेच्या समर्थनार्थ ८५ निबंध 'पब्लियस' या नावाने लिहिले. मग आजच्या देणगीदारानेच नाव का सांगावे?

केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ज्या भाषेत झाले, तिला टोपणनावाचे वावडे असण्याचे कारण नाही. परंतु टोपणनावामागे एक आवाज असतो. कालच्या लेखाशी आजचा लेख ताडता येतो, त्याचे खंडन करता येते. पब्लियसचे विरोधकही 'ब्रूटस' आणि 'केटो' म्हणूनच लिहीत होते. धनादेशाचे खंडन कसे करावयाचे?

२०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने, उमेदवाराशी संगनमत न करता कंपन्या व कामगार संघटना करतील त्या प्रचारखर्चावरील बंदी ५ विरुद्ध ४ मतांनी उठवली. त्याच वर्षी 'स्पीचनाऊ' खटल्याने अशा गटांना मिळणाऱ्या देणग्यांची मर्यादा काढली आणि 'सुपर पॅक' अवतरले. सोयीस्करपणे विसरले जाते ते हे, की 'सिटिझन्स युनायटेड'च्या त्याच निकालात प्रकटीकरणाचे नियम ८ विरुद्ध १ मतांनी कायम राहिले. सुपर पॅकला देणगीदारांची नावे निवडणूक आयोगाला द्यावीच लागतात. पण देणगीदार म्हणून करकायद्याच्या ५०१(सी)(४) कलमाखालील एखादी 'समाजकल्याण' संस्था नोंदवली, की तिला पैसे कोणी दिले हे सहसा कळत नाही. वहीत नाव आहे, माणूस नाही. (आपल्याकडील निवडणूक रोखे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, ती हकिकत आठवणाऱ्यांना हा प्रकार अनोळखी वाटू नये.) शिवाय मतदानाच्या तोंडावर गट काढला, तर यादी निकालानंतर प्रसिद्ध होते! आणि कारवाई करावयाची तर सहा जागांच्या आयोगात चार मते हवीत, एका पक्षाचे सदस्य तिनाहून अधिक नकोत, कोंडी ठरलेलीच.

एक आक्षेप मात्र खरा आहे. अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या 'एनएएसीपी' या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली, तेव्हा ती देणे म्हणजे माणसे छळवादाच्या तोंडी देणे होते. १९५८ साली न्यायालयाने ती वाचवली, हे योग्यच झाले. ओहायोत शाळेच्या करवाढीविरुद्ध निनावी पत्रके वाटणाऱ्या मार्गारेट मॅकिन्टायर यांना १०० डॉलर दंड झाला होता. १९९५ साली न्यायालयाने त्यांचीही बाजू उचलून धरली. तेही योग्यच. पण दुर्बलांसाठी घडवलेली ती ढाल कोट्यधीशांनी पाठीला बांधावी, आणि वर तिला पब्लियसचे नाव द्यावे?

'डिस्क्लोज' विधेयक १०,००० डॉलर वा अधिक देणाऱ्यांचीच नावे मागत होते. मॅकिन्टायरबाईंच्या पत्रकांना एवढे पैसे खचितच लागले नव्हते. २०२२ च्या सप्टेंबरात सेनेटमध्ये ते ४९ विरुद्ध ४९ मतांवर अडले. पुढे सरकण्यास ६० हवी होती.