भाच्याच्या गिटारची नवी दांडी

मुलांनो, मागच्या वेळी आपण सायकलच्या चाकातल्या आऱ्या आवळल्या होत्या, आठवतंय ना? आजही ताणाचीच गोष्ट आहे, पण ती तारांच्या ताणाची.

माझा भाचा अकरावीत शिकतो. त्याला इलेक्ट्रिक गिटार हवी होती, आणि घरातून तेवढे पैसे मिळणार नव्हते. मग पठ्ठ्याने काय करावं? आजोबांच्या जुन्या घराचं सागवानी दार काढून ठेवलं होतं. त्यातली एक जाड फळी त्याने सुताराकडून गिटारच्या आकारात कापून घेतली. दांडी मिळाली एका मोडक्या गिटारची. खुंट्या, ब्रिज, पिकअप एकेक करून दीड वर्षात जमवलं. आपल्या मनासारख्या बनवून घेतलेल्या अशा गिटारला ‘कस्टम’ म्हणतात. दिसायला ती थोडी पाटासारखी होती, पण वाजायची झकास!

आणि मागच्या वर्षी जूनमध्ये तिची दांडी पिळली.

सुतार एक डोळा मिटून फळीच्या कडेवरून कसा बघतो, पाहिलंय ना? तसं मी खुंट्यांच्या बाजूने पाहिलं. दांडीच्या दोन्ही कडा समांतर दिसायला हव्यात. इथे एक कड वर, दुसरी खाली. ओला टॉवेल पिळायला नुकती सुरुवात करावी तशी. नेहमीच्या सहा तारा सुरात लावल्या की त्या दांडीला सगळ्या मिळून सुमारे ४५ किलोंच्या जोराने ओढतात. म्हणजे सिमेंटच्या पोत्याला थोडंच कमी! हा ताण सोसता यावा म्हणून दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते. दांडी धनुष्यासारखी वाकली तर ही सळई फिरवून सरळ करता येते. पीळ मात्र तिला काढता येत नाही. भाच्याने तासभर पान्हा फिरवून पाहिला आणि मग गप्प बसून राहिला. कॉलनीच्या गणपतीत पाचव्या दिवशी रात्री त्याला वाजवायचं होतं. सगळ्या मित्रांना सांगूनही झालं होतं.

“मामा, आता?”

“आता दांडी बदलायची.”

इलेक्ट्रिक गिटारची दांडी बदलता येते, ही सोय सगळीकडे पोचवली अमेरिकेतल्या लिओ फेंडर या माणसाने. हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! पण दुरुस्ती करणाऱ्याचं डोकं ते. एक भाग बिघडला तर तेवढाच काढून दुसरा बसवता यावा, असा त्याचा विचार. १९५० साली त्याने बाजारात आणलेल्या गिटारची दांडी धडाला चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी आवळलेली होती. पहिल्या काही दांड्यांत सळईच नव्हती. त्या वाकू लागल्या, तेव्हा त्यानेही सळई घातली. मोठ्या माणसांचंही पहिल्या झटक्यात जमत नाही बरं का!

पुढे एरिक क्लॅप्टन या वादकाने १९७० च्या सुमारास तीन जुन्या फेंडर गिटारींचे चांगले चांगले भाग एकत्र करून आपली ‘ब्लॅकी’ जुळवली. २००४ साली लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले. हे ऐकून भाच्याचा चेहरा जरा खुलला.

पण दांडी विकत घेणं म्हणजे बूट घेण्यासारखं असतं. माप चुकलं की सगळंच फुकट. एका जाहिरातीत स्वस्त दांडी दिसली आणि भाचा लगेच पैसे भरायला निघाला. मी म्हटलं, थांब. आधी टेप आण.

गिटारवर तार दोन ठिकाणी टेकते. वरच्या बाजूला नट आणि खाली ब्रिज. या दोघांमधलं अंतर हे पहिलं माप. आमच्या गिटारचं ते ६४८ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच. बारावा पडदा बरोबर मध्यावर यायला हवा, म्हणजे नटपासून ३२४ मिलिमीटरवर. बाकीचे पडदेही कुठेही ठोकलेले नसतात. पहिला पडदा काढायला ६४८ ला १७.८१७ ने भागा. उत्तर येतं सुमारे ३६.४. तेवढं अंतर वजा करा, उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागा, की दुसरा पडदा मिळतो. असं बारा वेळा केलं की नेमके मध्यावर पोचता. चौथीच्या वर्गात नको, पण आठवी-नववीतल्यांनी वहीत करून बघाच.

जाहिरातवाल्याला विचारलं, नटपासून बारावा पडदा किती? तो म्हणाला, ३१४. ती दुसऱ्याच जातीच्या गिटारची दांडी निघाली. आमच्या धडावर ती बसवली असती, तर दर पडद्याला सूर थोडा थोडा हुकला असता. दुसरं माप दांडीच्या टाचेचं. धडातल्या खाचेत बसणाऱ्या भागाला टाच म्हणतात. हायस्कुलातल्या सरांकडून व्हर्निअर आणून मोजलं, रुंदी ५६ मिलिमीटर. अखेर मापाची दांडी सापडली. मेपलची, वर शिसवीची पट्टी. पॉलिश न केलेली कोरी होती म्हणून परवडली.

बसवताना घाई केली नाही. खाचेत दांडी ठेवून दोन्ही कडांच्या तारांच्या जागी शिवणाचा दोरा ताणला. दोन्ही दोरे पट्टीच्या कडांपासून सारखे दूर दिसेपर्यंत दांडी सरकवली, मगच भोकांच्या खुणा केल्या. ड्रिलच्या पातीला किती खोल जायचं तिथे चिकटपट्टी गुंडाळली, नाहीतर पात वरची शिसवी फोडून बाहेर! मेपल फार कठीण, म्हणून स्क्रूंना मेणबत्ती घासली. ही सगळी कामं पॉलिशच्या आधीची.

आता राहिलं पॉलिश. भाचा म्हणाला, “मामा, कशाला? एडी व्हॅन हॅलनने तर लावलंच नव्हतं!”

खरं होतं त्याचं. या अमेरिकन वादकाने ५० डॉलरचं धड आणि ८० डॉलरची कोरी दांडी घेऊन आपली ‘फ्रँकेन्स्टाइन’ गिटार बनवली होती. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ती प्रदर्शनात ठेवली होती. पण एडीचं गाव कॅलिफोर्नियातलं, हवा कोरडी. आमच्या खिडकीबाहेर आषाढ कोसळत होता! कोरं लाकूड हवेतली ओल पितं आणि आडव्या अंगाने फुगतं, उन्हाळ्यात पुन्हा आकसतं. म्हणून तर कोरी दांडी विकणारे कित्येकजण बजावतात की पॉलिश न करता वापरली आणि वाकली, तर आम्ही जबाबदार नाही.

आमच्या गावापासून मिरज तासाभरावर. तिथे सतारी बनतात, आणि सतारीच्या दांडीलाही हीच काळजी. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरांना आम्ही चाचा म्हणतो. त्यांनी चपडा दिला. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जी लाख तयार करतात, तिच्या या पातळ पापड्या. त्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या आणि कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून पातळ हात मारायचे. “पावसात करू नको हं बाळ,” चाचा म्हणाले होते.

आणि इथे चूक माझी. गणपती जवळ आले होते. भाचा रोज विचारायचा. मी म्हटलं, पातळ हात आहेत, वाळतील. २४० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासलं, शिसवीवर चिकटपट्टी लावली, दारं उघडी टाकली (स्पिरिटजवळ ज्योत नको, आणि मोठं माणूस जवळ हवंच) आणि दिवसभरात चार हात दिले. सकाळी पाहतो तर दांडीवर पांढरं धुकं! स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार होतो आणि ओल्या हवेतली वाफ त्यावर जमते. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो ना, तसं. ती ओल पॉलिशमध्येच अडकली होती. शिवाय बोट लावलं की चिकटत होतं.

भाचा रडवेला झाला. “असंच चढवू या ना, मामा. लांबून कोणाला दिसतंय?”

चाचांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, “चढव की. अंगठ्याचा ठसा तेवढा कायमचा राहील.”

नाही चढवली. पाचव्या दिवशी रात्री दुसऱ्या एका मुलाने वाजवलं. आमचा भाचा मागच्या रांगेत, वायरी गुंडाळायला बसला होता. घरी येताना तो माझ्याशी बोलला नाही. मीही काय बोलणार?

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली. स्पिरिटच्या बोळ्याने धुकं पुसलं, तर ते खरंच गेलं! लाखेची हीच खुबी. स्पिरिट लागलं की जुना थर पुन्हा विरघळतो, खरवडावा लागत नाही. मग रोज एकच हात, बोळ्यावर तेलाचा एक थेंब. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी अगदी बारीक तारेच्या लोकरीने पाठ हलकेच घासली, म्हणजे अंगठा अडखळत नाही. हे काम मात्र गिटारपासून दूर, अंगणात. पिकअपमध्ये चुंबक असतात, लोखंडाचा चुरा त्यांना जाऊन चिकटला तर निघता निघत नाही.

दांडी बसवण्याआधी मी भाच्याला सांगितलं की फेंडरच्या कारखान्यात कारागीर दांडीच्या टाचेवर पेन्सिलीने तारीख लिहीत. दांडी बसली की ती खाचेत झाकली जाते, पण कधी कोणी उघडली तर कळतं. त्याने माझ्या खिशातली पेन्सिल घेतली, तारीख लिहिली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘पॉलिश दोनदा’. मग चार स्क्रू आवळले आणि पहिली तार खुंटीत ओवली.