बिनबियांचं लिंबू येतं कुठून?

फळात बीच नाही, मग झाड लावायचं कशाचं? राणीसावरगावच्या काळ्या रानात बिनबियांचं लिंबू लावू पाहणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. उत्तर एका शब्दाचं: डोळ्याचं. आधी जंबेरी नाहीतर रंगपूर लिंबाचं बी पेरून खुंट वाढवायचा. पेन्सिलीएवढा जाड झाला की सालीला चीर देऊन हव्या त्या झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरची कोंब फुटायची जागा, काढून बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. म्हणजे वर बिनबियांचं फळ, खाली मुळं मात्र बियाळ लिंबाची! जंबेरीच्या एका बीतून बरेचदा दोन-तीन रोपं निघतात, बहुतेक हुबेहूब आईसारखी, म्हणून खुंट एकसारखे मिळतात. बिनबियांच्या नेव्हल संत्र्याचं घराणंही डोळ्यांवरच वाढलं. मूळ ब्राझीलच्या बाहियाचं. १८७३च्या सुमारास दोन-तीन झाडं कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला पोचली आणि त्यांच्याच डोळ्यांवर तिथल्या बागा उभ्या राहिल्या. आपल्याकडे घात होतो तो लावताना. जोड मातीत गाडला गेला, तर डिंक्या रोगाला आवतण. खुंटाचे फुटवे राखले, तर लिंबाऐवजी जंबेरी पोसाल. तेव्हा कलम घेताना जोड मातीपासून वीतभर वर आहे ना, हे बघूनच पैसे द्या.